महापालिकेचे नियम: सोलापुरात राहणाऱ्याला फायदा किती आणि जाच किती

जुळे सोलापुरात प्लॉट घेतलेल्या एका ओळखीच्या मुलानं विचारलंय, काका, घर बांधायला काढलंय पण मार्जिन (घराभोवती मोकळी सोडायची जागा), परवाना, वापर परवाना (बांधलेलं घर वापरायची परवानगी), टॅक्स, पाण्याचं कनेक्शन असं एकेक ऐकून डोकं फिरायलंय, हे एवढे नियम आहेत यात आपल्यासारख्या राहणाऱ्या माणसाचा फायदा काय आहे का नुसता तोटाच? मी परवानाधारक इंजिनिअर आहे, पंचवीसएक वर्षं सोलापुरात बांधकाम परवानगीच्या फायली करतोय, महापालिकेच्या इंद्रभुवन इमारतीच्या आवारात आणि झोन ऑफिसात माझं निम्मं आयुष्य गेलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी एक घोळ काढून टाकू. लोक सरसकट "महापालिकेचा अध्यादेश आलाय" म्हणतात. अध्यादेश महापालिका काढत नाही, तो राज्यपाल किंवा राष्ट्रपती काढतात. शहर करतं ते उपविधी, म्हणजे शहरापुरते नियम. १९४९ च्या महापालिका अधिनियमात कलम ४५८ आहे, त्यात कुठल्या कुठल्या विषयावर महापालिकेला उपविधी करता येतात त्याची यादीच आहे. ते सर्वसाधारण सभेत मंजूर होतात आणि पुढं राज्य सरकारची मान्यता लागते. पण तुला रोज ज्याचा त्रास वाटतोय ते बहुतेक नियम सोलापूरनं केलेलेच नाहीत. बांधकामाची नियमावली राज्याची, ती डिसेंबर २०२० पासून मुंबईसारखे थोडे अपवाद सोडले तर अख्ख्या महाराष्ट्राला एकच आहे. आवाजाचे नियम केंद्राचे. फेरीवाल्यांचा कायदा केंद्राचा. प्लास्टिकबंदी राज्याची, मार्च २०१८ ची. महापालिकेकडं फक्त अंमलबजावणी. त्यामुळं कुणावर चिडायचं हे आधी कळलं पाहिजे, नाहीतर झोनमधल्या क्लार्कवर ओरडून काही होत नाही, त्याच्या हातात ते नसतंच.

आता मुद्द्याचं. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय, नियमाचा खर्च पडतो तुझ्या खिशावर आणि फायदा मिळतो शेजाऱ्याला. आणि शेजारी बांधायला काढतो तेव्हा बरोब्बर उलटं होतं. म्हणून स्वतःच्या फायलीच्या वेळेला प्रत्येकाला नियम जाच वाटतो आणि शेजाऱ्यानं गॅलरी आपल्या बाजूला काढली की तोच माणूस माझ्याकडं येऊन म्हणतो, इंजिनिअर साहेब, महापालिकेत काही कायदा आहे का नाही?

साइड मार्जिनचंच घे. विजापूर रोडच्या बाजूला एक घर होतं, मीच नकाशा केलेला, बाजूला रीतसर जागा सोडलेली. दोन-तीन वर्षांनी मालकांनी मला न विचारता त्या मार्जिनवर स्लॅब टाकून किचन पुढं वाढवलं. ड्रेनेजची चेंबर त्याच पट्ट्यात होती, ती फरशीखाली गेली. मग एका पावसाळ्यात लाइन तुंबली आणि घाण पाणी किचनच्या मोरीतून उलटं वर यायला लागलं. मी गेलो तेव्हा त्यांच्या घरच्या बाई ओट्यापाशी पदर नाकाला लावून उभ्या होत्या, डबे सगळे हॉलमध्ये, आणि मिस्त्री छिन्नीनं नवीकोरी फरशी फोडायला लागलेला, कारण चेंबर नक्की कुठं आहे हेच कुणाला आठवत नव्हतं. तीन ठिकाणी फोडल्यावर झाकण सापडलं. आणि मागच्या घराची लाइन पण ह्याच चेंबरमधून जायची, त्यामुळं त्यांचा संडास चार दिवस बंद. त्या घरात म्हातारी माणसं. मार्जिन म्हणजे सरकारनं तुझी जागा खाल्ली असं वाटतं ना, ती जागा ड्रेनेजची, हवेची, आणि वेळ पडली तर शिडी लावायची असते. त्यात आपला उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या वर जातो, दोन्ही बाजूच्या भिंती चिकटवलेल्या घरात रात्री दोनला सुद्धा भिंतीला हात लावला तर गरम लागते. ज्यांनी मार्जिन बुजवली त्यातले कितीतरी जण नंतर मला एसी कुठं बसवायचा विचारायला आलेत.

आगीच्या नियमाचं तर बोलायलाच नको. १८ मे २०२५ ला पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली, आठ माणसं गेली, त्यात लहान लेकरू पण होतं. कारखाना आणि राहणं एकाच इमारतीत, खाली सूत आणि माल, आणि माणसं आत झोपलेली. त्या दिवसानंतर मी स्वतः माझ्या जुन्या फायली काढून बघितल्या, कुठल्या कुठल्या इमारतीला बाहेर पडायला एकच जिना आहे ते. २००६ चा राज्याचा अग्निप्रतिबंधक कायदा आहे, तो ज्या इमारतीला लागू आहे तिथं बसवलेली यंत्रणा चालू आहे म्हणून लायसन्स असलेल्या एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, दाखला घेऊन द्यावा लागतो. आता खरं सांगायचं तर हा दाखला बऱ्याच ठिकाणी टेबलावर बसून होतो, सिलिंडर कुणी उचलून बघत नाही. दुसरा जिना काढायला सांगितला की मालक म्हणतात एक खोली जाते. जाते, मान्य आहे. पण रात्री खालनं धूर आला तर तुझी पोरं कुठनं उतरणार हे मला नकाशात बोट ठेवून दाखव असं मी म्हणतो, तेव्हा बहुतेक जण गप्प होतात.

पण ह्याच नियमाची दुसरी बाजू पूर्व भागात जाऊन बघ. तिथं घरोघरी यंत्रमाग. खाली माग आणि वर संसार, असं दोन-दोन पिढ्या चाललंय. निवासी भागात किती हॉर्सपॉवरचं काय चालवता येतं ह्याला नियमात मर्यादा आहे. ती काटेकोर लावली तर त्या गल्लीतलं किती घरांचं पोट बंद होईल? आणि लावली नाही तर वायरिंग, सुताचा घरभर धुरळा, अरुंद बोळ, बंब आत जात नाही. इथं "नियम म्हणजे नियम" म्हणणारा माणूस त्या गल्लीत कधी गेलेला नसतो, आणि "जाऊ दे चालतंय" म्हणणाऱ्यानं आग बघितलेली नसते. माझ्या मते इथं माग बंद करायच्या आधी वायरिंग बदलायला, एक बाहेर पडायची वाट मोकळी करायला पैसे आणि मुदत दिली पाहिजे, नोटीस नंतर. एकाच मापाचा नियम पुण्याच्या बाणेरला आणि आपल्या पूर्व भागाला लावला की असं होतं. जुन्या गावठाणात, कसब्यात, पेठांत मार्जिनची थोडी सूट आहे हे खरं, पण पंधरा फूट रुंदीच्या प्लॉटवाल्याला तेवढ्यानं पुरत नाही, आणि मग तो नकाशा न टाकताच बांधून मोकळा होतो. म्हणजे नियम पाळणं जितकं अवघड तितकं बिनपरवाना जास्त, हे मी रोज बघतोय.

पाण्याच्या मोटारीचं बघ. आपल्याकडं पाणी रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतरानं येतं, ते पण कधी रात्री अकराला. नळाला डायरेक्ट मोटार लावायला बंदी आहे, महापालिकेचं पथक येऊन मोटार उचलून नेतं. आता वरच्या टोकाच्या घरातला माणूस म्हणतो की मोटार लावली नाही तर मला दोन घागरी पण मिळत नाहीत, आणि खालच्या गल्लीतल्या बाया म्हणतात ह्यांनी मोटार लावली की आमच्या नळातून नुसती हवा येते, फुसफुस आवाज. दोघांचंही खरं आहे. माझ्या स्वतःच्या गल्लीत एकानं लावली म्हणून दुसऱ्यानं लावली, असं करत करत सगळ्यांनी लावली आणि शेवटी सगळ्यांना पूर्वीइतकंच पाणी, वर लाइट बिल. आणि लाइनमध्ये जिथं गळती आहे तिथनं बाहेरची घाण आत ओढली जाते, पहिली पाचेक मिनिटं पाणी काळपट येतं ते त्यामुळंच असतं बऱ्याचदा. ही बंदी मला शंभर टक्के पटते, पण ती पटवून द्यायची असेल तर पाणी वेळेवर आणि पुरेशा प्रेशरनं दिलं पाहिजे. आपली बाजू न पाळता समोरच्याला नियम लावायचा म्हटलं की माणूस मनातनं तो नियम मानतच नाही, पथक गेलं की तासाभरात मोटार परत जाग्यावर.

आता तोटा म्हणशील तर माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठा तोटा नियमात नाही, उशिरात आहे. बांधकाम चालू असताना वॉर्डातला माणूस रोज त्याच रस्त्यानं जातो, काही बोलत नाही. घर उभं राहतं, लोक राहायला येतात, पोरं शाळेत जायला लागतात, आणि मग आठ वर्षांनी कलम २६० ची, म्हणजे बिनपरवाना बांधकाम पाडायची, नोटीस दारावर चिकटते. होटगी रोडच्या साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली ती सगळ्या सोलापूरनं बघितली. परवानगी नव्हती आणि विमानाला अडथळा हे कारण, पण वाद वर्षानुवर्षं कोर्टात, एकीकडं ऊसवाले शेतकरी, दुसरीकडं विमान पाहिजे म्हणणारं शहर, आणि गावात दोन तट. कोण बरोबर ते मी सांगत बसत नाही. पण परवानगीचा प्रश्न चिमणी उभी राहताना सुटला असता तर पैसा, वेळ आणि माणसामाणसांतली कटुता सगळंच वाचलं असतं.

नोटीस आली तर काय, हे पण सांगून ठेवतो कारण लोक घाबरून एजंटला पैसे देऊन बसतात. १३ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की पाडायच्या आधी रजिस्टर्ड पोस्टानं नोटीस, किमान पंधरा दिवस, आणि तुमचं म्हणणं ऐकून घेऊन कारणासहित आदेश. रस्ता, फुटपाथ अशा सार्वजनिक जागेवरच्या बांधकामाला मात्र हे संरक्षण नाही. त्या पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यायचं, पोच घ्यायची, किती भाग नियमात बसतो ते इंजिनिअरकडून मोजून घ्यायचं. कितीतरी केसमध्ये फक्त एक पत्रा किंवा जिन्याचा भाग काढून बाकीचं फी भरून नियमित होतं.

आणि शास्तीचा, म्हणजे बिनपरवाना बांधकामावर टॅक्सबरोबर लागणाऱ्या दंडाचा, मोठा गैरसमज आहे. एक मालक माझ्याकडं आले, प्लॅस्टिकच्या पिशवीत बारा वर्षांच्या टॅक्सच्या पावत्या, एकावर एक रबर लावून जपलेल्या, म्हणाले हे बघा सगळं भरलंय, शास्ती पण भरली, आता बँक लोन का देत नाही? मला सांगताना फार वाईट वाटलं. घराला नंबर पडला, टॅक्स लागला, शास्ती भरली म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं असं होत नाही, कायद्यात ते स्पष्ट लिहिलंय. बिनपरवाना बांधकामाची शास्ती टॅक्सच्या दुप्पटीपर्यंत असते, लहान घरांना त्यात सूट आहे. त्या माणसानं बारा वर्षं शास्ती भरली आणि घर जिथल्या तिथं बिनपरवाना. हा नियम मला अन्यायाचाच वाटतो. पैसे घ्यायचे असतील तर त्या पैशाबरोबर घर नियमित करायची वाट पण दाखवली पाहिजे ना.

गुंठेवारीचं ते तसंच. १९९२ मध्ये हद्दवाढ झाली, आसपासची गावं शहरात आली, आणि शेतजमिनीचे एक-एक दोन-दोन गुंठे पाडून विकलेले. घेणारे कोण, तर विडी कामगार, मागावरचे, रिक्षावाले. त्यांच्याकडं लेआऊटमधला, म्हणजे मंजूर आखणीतला, प्लॉट घ्यायचे पैसे असते तर त्यांनी तोच घेतला असता. २००१ चा गुंठेवारी कायदा आहे, २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात बसतात. फी लागते, नकाशा लागतो, पण एकदा झालं की बँक, विक्री, वारसनोंद सगळं सोपं. ज्यांचं बाकी आहे त्यांनी हे करून घ्यावं असं मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो.

टॅक्सचं थोडक्यात. थकबाकीवर महिन्याला दोन टक्के दंड, म्हणजे दहा हजार थकले तर वर्षाला चोवीसशे नुसते दंडाचे. आकारणी चुकीची वाटली तर नोटिशीत दिलेल्या मुदतीत हरकत घ्यायचीच, कारण पुढं कलम ४०६ खाली कोर्टात जायला पंधराच दिवस आणि आधी रक्कम भरावी लागते. लोक भांडतात फोनवर, कागदावर काही नसतं, आणि अभय योजनेची, म्हणजे दंडमाफीची, वाट बघत बसतात. वेळेवर भरणाऱ्याला ह्या अभय योजनांचा राग येतो, तो रास्त आहे.

आवाजाबद्दल मात्र मी गप्प बसू शकत नाही. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर बंद, दवाखान्याच्या शंभर मीटरमध्ये शांतता, हे सगळं २००० सालापासून लिहिलेलं आहे. माझी आई शेवटच्या आजारपणात घरी होती तेव्हा गल्लीच्या तोंडाशी मिरवणूक थांबायची, डीजेच्या दणक्यानं मांडणीतली ताटं एकमेकावर वाजायची आणि आई छातीवर हात धरून माझ्याकडं बघायची. मी खाली जाऊन हात जोडले, पोरं वाईट नव्हती, दोघांनी सॉरी काका म्हणून आवाज कमी पण केला, पण पुढची गाडी मागं उभीच होती. आपल्याकडं सिद्धरामेश्वरांची यात्रा आहे, नंदीध्वज निघतात, हलगी वाजते, लाख लोक रस्त्यावर असतात आणि अंगावर काटा येतो, त्याला डीजेची भिंत कधी लागली नाही. हा नियम पाळला तर कुणाच्या खिशातनं एक रुपया जात नाही, आणि फायदा प्रत्येक म्हाताऱ्याला, बाळंतिणीला, दहावीच्या पोराला. तरी सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियम हाच.

फेरीवाल्यांचं नवी पेठ, मधला मारुती भागात बघतोसच. २०१४ च्या कायद्यात विक्रेत्यांचा सर्व्हे, प्रमाणपत्र, ठरलेली जागा, आणि समितीत ४० टक्के विक्रेत्यांचेच प्रतिनिधी असं आहे. जागा न देता नुसतं उठवणं हा अर्धाच कायदा. चालणाऱ्याला फुटपाथ पाहिजे आणि भाजीवालीला गिऱ्हाईक पाहिजे, दोघं त्याच गल्लीतले असतात.

हे नियम ठरवताना आपण कुठं असतो हा पण प्रश्न आहे. मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत महापालिकेत प्रशासक होते, पावणेचार वर्षं विचारायला नगरसेवकच नव्हता. आता आहेत. उपविधी असो, विकास आराखडा असो, पेपरात बारीक अक्षरात जाहीर प्रकटन येतं, हरकती-सूचना मागवतात. मी बघितलंय, हरकती येतात त्या बिल्डरच्या वकिलाच्या, छान टाइप करून. गल्लीतल्या माणसाचं एक पोस्टकार्ड नसतं. मग रस्ता आपल्या घरावरनं गेला की आपण मोर्चा काढतो.

बरं, आता तुझ्या घराचं. तुझा प्लॉट १५० चौरस मीटरच्या आत, म्हणजे साधारण सोळाशे स्क्वेअर फुटाच्या आत आहे असं तू म्हणालास, तर नवीन नियमावलीचा तुला सरळ फायदा आहे. परवानाधारक माणसाच्या सहीनं नियमात बसणारा नकाशा आणि फी भरली की ती पावतीच परवानगी धरतात, पूर्वीसारखे महिनोन्‌महिने हेलपाटे नाहीत. १५० ते ३०० असेल तर दहा दिवसांची मुदत. फक्त प्लॉट मंजूर लेआऊटमधला पाहिजे, ते विकणाऱ्याच्या तोंडावर विश्वास ठेवून चालणार नाही, लेआऊटची कॉपी स्वतः बघ. काम जोत्यापर्यंत आलं की दोन दिवस थांब, मला बोलव, टेप लावून मार्जिन मोजू, कारण जोत्यात चार इंच चुकलं तर दुरुस्त होतं, स्लॅब पडल्यावर होत नाही. चेंबर कुठं आहे त्याचा फोटो काढून ठेव. वापर परवाना घेतल्याशिवाय वास्तुशांतीची तारीख धरू नकोस, आई कितीही मागं लागली तरी. आणि कुठला दाखला झोनमध्ये अडला तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, मुदतीत नाही दिला तर अपील करता येतं आणि अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार दंड होऊ शकतो, अर्जाची पोच मात्र पहिल्या दिवशी घे.

उतारा, मोजणीचा नकाशा आणि लेआऊटची कॉपी घेऊन रविवारी सकाळी ये, मी घरीच असतो.